एका कंसावर तपासू नका

रेजेक्स तपासायचा असेल तर नमुन्याच्या ओळीत शोधायची गोष्ट निदान दोनदा येऊ द्या. विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच आधी सांगतो. त्याला कारण सेनगावातल्या एका आडत दुकानाची यादी.

सोयाबीन-तुरीचे भाव गावोगावच्या शेतकऱ्यांना मोबाइलवर कळवायचे म्हणून दुकानातल्या पोराने पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. गावं एकाच ओळीत होती:

गोरेगाव, केंद्रा (बु.), आजेगाव, साखरा, केंद्रा (खु.), पानकनेरगाव

कंस उडवायला त्याने \(.*\) हा पॅटर्न घेतला. आधी नुसत्या ‘केंद्रा (बु.)’वर चालवला, कंस गेला, पोरगं खूश. मग पूर्ण यादीवर चालवला आणि उरलं एवढंच:

गोरेगाव, केंद्रा , पानकनेरगाव

एरर नाही, इशारा नाही. आजेगावचा एक शेतकरी ‘आम्हाला भाव का येत नाहीत?’ म्हणत दुकानात आला, तेव्हा कुठे शोधाशोध झाली आणि ती स्क्रिप्ट माझ्यापुढे आली.

पॅटर्नमधला .* ग्रीडी, म्हणजे हावरा असतो: आधी ओळीच्या टोकापर्यंत धावतो, मग एकेक अक्षर मागे सरकत बंद कंस शोधतो. साहजिकच त्याला शेवटचा कंस सापडतो. पुढे प्रश्नचिन्ह लावून \(.*?\) केलं की तो नॉन-ग्रीडी होतो, पहिल्याच बंद कंसाशी थांबतो. पण ओळीत कंसाची एकच जोडी असेल तर दोघांचं उत्तर सारखंच येतं. म्हणून त्या पोराची चाचणी पास झाली. तिने काहीच तपासलं नव्हतं. (मुळात बु. आणि खु. उडवायला नकोच होते. बुद्रुक आणि खुर्द ही दोन वेगळी गावं, ती एक करून कोणाचं भलं होणार?)

प्रश्नचिन्ह लावलं की काम फत्ते, असंही समजू नका. टाइप करताना पहिल्या केंद्राचा बंद कंस राहून गेला आहे, अशी ओळ मुद्दाम बनवा. जुळणी डावीकडच्या पहिल्या उघड्या कंसापासून सुरू होते आणि पुढे सापडेल त्या बंद कंसाला संपते. म्हणजे नॉन-ग्रीडी असूनही आजेगाव आणि साखरा पुन्हा गायब. त्यापेक्षा \([^()]*\) लिहा: कंसाच्या आत दुसरा कंस चालणार नाही. मग ‘(खु.)’ तेवढं जातं आणि अर्धवट ‘(बु.’ तसंच राहून डोळ्यांत खुपतं, जे बरंच आहे. जोडीला स्वल्पविराम मोजा. आधी पाच होते, नंतर दोन उरले, तर भाव पाठवण्याआधीच स्क्रिप्ट थांबली पाहिजे.

मराठी मजकुरात आणखी एक खोच आहे. पॅटर्नच्या शेवटी .+? ठेवला तर त्याला कमीत कमी जेवढं चालतं तेवढंच तो घेतो. ‘सेनगाव’वर चालवून पाहा, हाती नुसता ‘स’ येतो, मात्रासुद्धा नाही. कारण संगणकाच्या हिशेबी मात्रा हे वेगळं चिन्ह आहे. तसंच [०-९]+? हा ‘१२’मधला फक्त ‘१’ देतो. नॉन-ग्रीडीला पुढे काहीतरी अडसर लागतो: स्वल्पविराम, कंस, ओळीचा शेवट.

जिथे जुळणी व्हायलाच नको, अशीही एक लांबलचक ओळ चाचणीत हवी. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरच्या फायरवॉलमधल्या एका नव्या नियमात .* एकापुढे एक आले होते. जुळणीच्या शक्यता मागे-पुढे चाळण्यात सर्व्हरचे प्रोसेसर अडकले आणि जगभरातल्या असंख्य वेबसाइट सुमारे २७ मिनिटं कोलमडल्या. अशा ठिकाणी प्रश्नचिन्ह लावून भागत नाही. जुळणी सापडली तर नॉन-ग्रीडी लवकर सुटतो. सापडलीच नाही तर तोही सगळ्या शक्यता चाळत बसतो.

आणि पॅटर्न एका साधनातून दुसऱ्यात उचलून नेताना सावध. नॉन-ग्रीडीची ही सोय १९९४च्या पर्ल ५ने आणली. पायथन आणि जावास्क्रिप्टने ती घेतली, जुन्या वळणाच्या ग्रेप आणि सेडमध्ये ती नाही. लिनक्सवरच्या ग्रेपला विस्तारित पद्धतीत .*? दिला तर तो कुरकुर न करता ग्रीडीसारखाच वागतो. त्यामुळे पायथनमध्ये पास झालेल्या पॅटर्नवर तिथे पुन्हा त्याच ओळी चालवा: दोन कंसांची, अर्धवट कंसाची आणि कंसच नसलेली.