अठरा भरल्यानंतर

मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात राहते, एका राईस मिलच्या ऑफिसात हिशेब पाहते. बालपण मात्र दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात गेलं. आई वारली, बापाची दारू आणि मारहाण वाढली, आणि एके दिवशी मी नि माझा धाकटा भाऊ बाल कल्याण समितीसमोर जाऊन उभे राहिलो. संस्थेत राहिलेल्या मुलांचं पुढं काय होतं, हे विचारायला फारसं कुणी येत नाही. अठरा भरले की फाइल बंद होते. माझ्या अंगावरून जे गेलं आणि माझ्याबरोबर वाढलेल्या मुलींमध्ये जे पाहिलं, तेवढं इथे लिहिते.

१. त्रास उशिरा येतो.

संस्थेत मी ‘शहाणी मुलगी’ होते. रडायची नाही, भांडायची नाही, अभ्यासात पुढे. जी मुलगी ताटं फेकायची, तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष असायचं. समुपदेशक मॅडम आल्या की तिलाच पुढे बसवायचे. गप्प राहणाऱ्या मुलीला काही होत असेल, असं कुणाला वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, सगळं मार्गी लागलं आणि मग झोप उडाली. आई गेली तेव्हा मी जेवढी होते, तेवढी माझी लेक झाली, आणि तिची वेणी घालताना माझे हात थरथरायला लागले. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हे नेहमी दिसतं. जीव वाचवायचा असतो तोवर मन तग धरतं. सुरक्षित छप्पर मिळालं की मागचं वर येऊ लागतं.

२. आठवण नसली तरी शरीराला माहीत असतं.

किल्ल्यांचा जुडगा वाजला की माझ्या पोटात अजून गोळा येतो. संस्थेत रात्री जुडग्याच्या आवाजावरून कळायचं की आज कोणाची ड्युटी आहे आणि आज मार बसणार की नाही. आमच्यातली एकजण आता चांगल्या घरात नांदते, तरी तिच्या कपाटात साड्यांच्या मागे बिस्किटांचे पुडे असतात. घरच्यांना ते चोरटेपण वाटतं. भूक आणि भीती लहानपणी एकत्र शिकलेल्या माणसाला भरलेल्या डब्याची खात्री पटायला फार वेळ लागतो.

१९९८ साली अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अंडा या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या माणसांना त्यांनी बालपणाबद्दल विचारलं: मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड. अशा चार किंवा जास्त गोष्टी सोसलेल्यांमध्ये नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी जास्त निघाला. हृदयविकारही जास्त निघाला. मला यातली हृदयाची ओळ महत्त्वाची वाटते. ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून आमची समजूत घालणाऱ्यांनी ती वाचावी. सतत धोक्यात वाढलेल्या लेकराचं शरीर ताणाची रसायनं तयार करत राहतं आणि ती सवय धोका टळल्यावरही मोडत नाही. संस्थेतली बहुतेक मुलं संस्थेत येण्याआधीच यातलं बरंच भोगून आलेली असतात.

३. भावंडांची ताटातूट ही वेगळी जखम आहे.

आई गेल्यावर आणि बापाचं घर सुटल्यावर माझं जगात एकच माणूस उरलं होतं, धाकटा भाऊ. मुलींचं बालगृह वेगळं, मुलांचं वेगळं. त्याला दुसऱ्या गावी पाठवलं. गाडीत बसताना तो रडलाही नाही, फक्त माझ्या फ्रॉकचा कोपरा धरून राहिला आणि कुणीतरी त्याची बोटं सोडवली. कागदोपत्री कुणी नियम मोडला नव्हता. भेट सुट्टीत व्हायची, ती कुणी घेऊन आलं तर.

मोठेपणी आम्ही एकमेकांना शोधलं, आता फोनवर बोलतो. पण आमच्यात बोलायला बालपणच नाही. घरात आई कोणती भाजी करायची, कोण कुणाला चिडवायचं, हे सांगणारं तिसरं कुणी नाही आणि आम्हा दोघांच्या आठवणी जुळत नाहीत. तो म्हणतो, आपल्या दारात चिंच होती. मला मोहाचं झाड आठवतं. भावाबहिणींना एका जिल्ह्यात, निदान महिन्यातून एकदा हमखास भेटता येईल अशा अंतरावर ठेवणं एवढं अवघड नाही. समितीवर बसणाऱ्यांनी आदेशात भेटीची तारीख लिहावी, एवढी माझी मागणी आहे.

४. लेकराला एक माणूस लागतं, आणि ते टिकावं लागतं.

संस्थेनं मला जेवण दिलं, शाळा दिली. बापाच्या घरी मी जिवंत राहिले असते की नाही, मला शंका आहे, म्हणून संस्था नकोतच असं मी म्हणणार नाही. पण आमच्या काळजीवाहक ताई सारख्या बदलायच्या. पगार कमी, ड्युटी मोठी, थांबणार कोण? एका ताईला जीव लावला की ती नोकरी सोडून जायची. काही वर्षांनी आम्ही जीव लावणं बंद केलं. तेच पुढे लग्नात नडतं. नवरा उशिरा आला की तो आता येणारच नाही असं वाटतं, आणि वेळेवर आला तरी विश्वास बसत नाही.

रुमानियात चाउशेस्कूच्या राजवटीनंतर अनाथालयांमध्ये हजारो मुलं सापडली. बुखारेस्टमध्ये २००० नंतर चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी तिथल्या १३६ बाळांचा अभ्यास सुरू केला. काही जणांना पालक कुटुंबांत ठेवलं, काही संस्थेतच राहिली. कुटुंबात गेलेली मुलं सावरली, आणि जी साधारण दोन वर्षांच्या आत गेली ती जास्त सावरली. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. मूल नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढावं म्हणून दरमहा मदत मिळते. मावशी, आजी, काका कुणी सांभाळायला तयार असेल आणि अडचण फक्त पैशांची असेल, तर मुलाला संस्थेत टाकण्याआधी ही योजना विचारा.

५. अठरावा वाढदिवस ही आमच्यासाठी भीतीची तारीख.

घरातल्या पोराला अठरा झाले की मतदार यादीत नाव घालतात. आम्ही बॅग भरतो. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ मध्ये संस्था सोडणाऱ्या मुलाला आर्थिक मदतीची तरतूद आहे. अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिन्याला ४,००० रुपये धरले आहेत. पण ज्याला हे माहीत नाही, त्याच्यापर्यंत ते पोचत नाही. आणि तरतूद अशी लिहिली आहे की मदत देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहतं. हे बदललं पाहिजे.

आमच्यातली जी मुलगी बाहेर पडल्यावर पहिल्याच महिन्यात खोली, काम आणि ओळखीचं माणूस या तिन्ही गोष्टी मिळवू शकली, ती टिकली. ज्यांना मिळालं नाही, त्यातल्या काहींनी पहिल्या गोड बोलणाऱ्याशी लग्न केलं. त्यांना नावं ठेवू नका. रात्री झोपायचं कुठे, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता.

६. कागद म्हणजे औषध.

हे विचित्र वाटेल, पण माझी छातीतली धडधड पहिल्यांदा कमी झाली ती आधार, रेशन कार्ड आणि बँकेचं पासबुक एका पिशवीत आलं तेव्हा. गोव्यातल्या अनाथालयात वाढलेल्या अमृता करवंदे यांनी स्पर्धा परीक्षेत कागदांपायी अडल्यावर पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये महाराष्ट्रानं अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण लागू केलं. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. संस्थेत असतानाच अर्ज करा. बाहेर पडल्यावर तेच काम दहापट अवघड होतं.

७. सण सांभाळून घ्या.

आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. धान घरात येत असतं, गावोगाव पाहुणे उतरतात, रात्री दंडार नाहीतर नाटक. मिलमधल्या बायका विचारतात, “तुहं माहेर कोणतं वं? मंडईला नाही जात?” त्या मायेनं विचारतात. पण माझी सगळ्यात वाईट रात्र दरवर्षी मंडईचीच असते. आता आम्ही संस्थेतल्या काहीजणी त्या दिवसांत ठरवून एकीच्या घरी जमतो, वडे-घुगऱ्या करतो, एकमेकींच्या लेकरांना कपडे घेतो. एकटीनं तो आठवडा काढू नये, हे मी प्रत्येकीला सांगते.

८. हा स्वभाव नव्हे, आजार आहे, आणि त्याला उपचार आहे.

‘तापट आहे’, ‘घुमी आहे’, ‘संस्थेतली आहे ना’ अशी लेबलं मी ऐकली. लहानपणापासून वारंवार झालेल्या आघातांतून येणाऱ्या या त्रासाला जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या अकराव्या रोगसूचीत स्वतंत्र जागा दिली. ती यादी २०२२ पासून लागू आहे. त्यात तीन गोष्टी मला माझ्याच वाटल्या: राग किंवा बधिरपणा आवरता न येणं, आपण कवडीमोल आहोत असं खोल वाटत राहणं, आणि माणसांजवळ जाता न येणं.

मी औषधं घेतली आणि समुपदेशन घेतलं. औषधांनी झोप आणली. समुपदेशनात आधी जुनं काही उकरलं नाही. भीती दाटली की पाय जमिनीवर टेकवायचे, समोरच्या वस्तूंची नावं घ्यायची, आज कोणता वार आहे ते मोठ्यानं म्हणायचं, एवढंच शिकवलं. ते जमायला लागल्यावर मग हळूहळू मागचं बोललो. ज्या ठिकाणी पहिल्याच भेटीत ‘सगळं सांगा’ म्हणून भरीस घालतात, तिथे मी पुन्हा गेले नाही, आणि दुसरीकडे गेले ते बरं झालं. गोरेगावातून गोंदियाला बसनं जाता येतं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. जायचा धीर होत नसेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही उचलला जातो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच क्षणी लावा. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला वाटणारी खटल्याची भीतीही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जवळपास संपवली आहे, म्हणून दवाखान्यात खरं सांगा.

९. वाढदिवसाचा केक नको.

दाते यायचे, आम्ही ओळीत उभ्या राहून गाणं म्हणायचो, फोटो निघायचा. केक गोड लागायचा, ते खोटं नाही. पण कुणाच्याही कॅमेऱ्यासमोर आभार मानायची ती सवय मोठेपणी ‘नाही’ म्हणू देत नाही. मिलमध्ये जास्तीचं काम, उसने पैसे, नको ती जवळीक, सगळ्याला मान डोलावली जाते. द्यायचं असेल तर संस्थेतून बाहेर पडलेल्या एका पोरीच्या नर्सिंगची फी भरा, फोटोशिवाय.

१०. गोरेगावकरांना.

ही पोरं इथेच आहेत. मोबाईलच्या दुकानात, कोहमाऱ्याच्या रस्त्यावरच्या धाब्यावर, मिलमध्ये पोती उचलताना. खोली भाड्यानं मागायला आली तर आईबापाचं नाव विचारून परत पाठवू नका. जामीन म्हणून सही लागत असेल आणि पोरगं तुमच्याकडे कामाला असेल, तर सही करा. आणि आपल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला विचारा, की गेल्या पाच वर्षांत अठरा भरून बाहेर पडलेली आपल्या तालुक्यातली मुलं आज कुठे आहेत. ही यादी नावानिशी असायला हवी, आणि वर्षातून निदान दोनदा त्यातल्या प्रत्येकाला फोन जायला हवा.