यंत्राचे नाक

(यंत्र चालवणे आणि यंत्र सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाडे कापण्याच्या साखळी-करवतीला हवा गाळून देणारा एक लहानसा भाग असतो. त्याची निगा कशी राखावी आणि ती का राखावी, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, ३ जून २०२० या दिवशी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. वारा ताशी शंभर किलोमीटरपेक्षाही अधिक वेगाने वाहत होता. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आंबा, फणस यांची जुनी झाडे मुळांसकट उपटली गेली. रस्त्यांवर झाडे आडवी पडली, विजेचे खांब कोसळले आणि कितीतरी गावांच्या वाटा बंद झाल्या.

अशा वेळी सर्वांत आधी काय करावे लागते? रस्ता मोकळा करावा लागतो. रस्ता मोकळा झाला, तरच आजारी माणसाला दवाखान्यात नेता येते आणि गावात पाणी, धान्य व औषधे पोहोचतात. कुऱ्हाडीने एक मोठे झाड तोडायला बराच वेळ लागतो. म्हणून मदतीला आलेली माणसे साखळी-करवत वापरतात. बोलताना लोक तिला 'कटर' किंवा 'चेनसॉ' म्हणतात.

आता कल्पना करा. झाड रस्त्यात पडले आहे. पलीकडे रुग्णाची गाडी उभी आहे. करवत हातात आहे, टाकीत पेट्रोल आहे, साखळीला धार आहे. पण करवत लाकडाला लावली की यंत्राचा जोर जातो. काळा धूर निघतो आणि यंत्र बंद पडते. दोष कोठे असेल? पुष्कळदा हा दोष फार लहान असतो. यंत्राचे नाक चोंदलेले असते!

यंत्राला नाक कसे असेल, असे तुम्हांला वाटेल. त्यासाठी आधी हे यंत्र समजून घेऊ.

१९२६ साली जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. ती इतकी जड होती, की चालवायला दोन माणसे लागत. पण जंगलात वीज कोठून आणणार? म्हणून १९२९ साली त्यांनी पेट्रोलवर चालणारी करवत बनवली. पुढे ही यंत्रे हलकी होत गेली. आता एक माणूस ती सहज उचलू शकतो.

पेट्रोल जळायला हवा लागते. हवेशिवाय चूल पेटत नाही, तसेच हवेशिवाय इंजिनही चालत नाही. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. १५ ग्रॅम हवा म्हणजे साधारण १२ लिटर हवा. आपण शांत बसलेले असताना एका मिनिटात साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. जोरात चालणारी मध्यम आकाराची करवत मात्र एका मिनिटात शेकडो लिटर हवा ओढते.

आता ही करवत कोठे चालते, ते पाहा. तिच्या भोवती सतत लाकडाचा भुसा उडत असतो. त्यात धूळ असते आणि साखळीला लावलेल्या तेलाचे बारीक थेंबही असतात. हे सर्व हवेबरोबर इंजिनात गेले, तर आतला दट्ट्या व नळकांडे घासली जातील आणि इंजिन लवकर निकामी होईल. म्हणून हवा आत जाण्याच्या वाटेवर एक गाळणी बसवलेली असते. तिला 'एअर फिल्टर' म्हणतात. आपल्या नाकातील केस धूळ अडवतात, तसा फिल्टर भुसा अडवतो. म्हणून त्याला यंत्राचे नाक म्हणायला हरकत नाही.

फिल्टर भुसा अडवतो, पण तो भुसा जातो कोठे? तो फिल्टरवरच साचतो. हळूहळू छिद्रे बुजतात आणि हवा कमी जाऊ लागते. पेट्रोल मात्र येतच राहते. हवा कमी आणि पेट्रोल जास्त, असे झाले की पेट्रोल पुरते जळत नाही. मग पुढील खुणा दिसतात :

यंत्र चालू व्हायला त्रास होतो.
लाकूड कापताना जोर कमी पडतो.
सायलेन्सरमधून काळा धूर येतो.
पेट्रोल जास्त लागते.
प्लग काजळीने काळा होतो.

अशा वेळी काही माणसे घाई करतात. ती कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल कमी करतात. यंत्र थोडा वेळ बरे चालते आणि दोष गेला असे वाटते. पण दोष गेलेला नसतो, तो फक्त झाकलेला असतो. पुढे कोणी फिल्टर स्वच्छ केला, तर भरपूर हवा आत येते, पण पेट्रोल कमीच राहते. पेट्रोलबरोबर मिसळलेले तेलही कमी जाते. इंजिन फार तापते आणि दट्ट्या आत अडकून बसू शकतो. ज्या यंत्राला केवळ साफसफाई हवी होती, त्याची मग मोठी दुरुस्ती करावी लागते. म्हणून नियम लक्षात ठेवा : आधी फिल्टर पाहा, नंतर स्क्रूला हात लावा.

फिल्टर साफ कसा करावा? हे काम मोठ्या, जाणत्या माणसाचे आहे. साखळी थांबलेली असली तरी तिचे दात हात कापतात. म्हणून तुम्ही करवतीला हात लावू नका. पण कामाची रीत मात्र नीट शिकून घ्या.

प्रथम यंत्र बंद करावे आणि थंड होऊ द्यावे. साखळीचा ब्रेक लावावा. प्लगची टोपी काढून ठेवावी, म्हणजे यंत्र चुकून सुरू होणार नाही. हातांत मोजे घालावेत.

झाकण उघडण्याआधी वरचा भुसा ब्रशने झाडून टाकावा. नाहीतर झाकण उघडताच तो आत पडतो. चोक बंद करावा, म्हणजे कार्बोरेटरचे तोंड झाकले जाते. मग फिल्टर अलगद बाहेर काढावा आणि फिल्टरच्या भोवतालची जागा पुसून घ्यावी.

फिल्टर हातावर हलकेच आपटला, की सुटा भुसा पडतो. उरलेला भुसा मऊ ब्रशने काढावा. पुढची रीत फिल्टर कशाचा आहे, यावर अवलंबून असते. नायलॉनच्या जाळीचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्याने धुता येतो. स्पंजाचा फिल्टर साबणाच्या पाण्यात हलकेच दाबून धुवावा. तो पिळू नये, पिळल्याने तो फाटतो. कागदाचा फिल्टर मात्र पाण्यात घालू नये. तो फार मळला, तर बदलावा. कोणत्या यंत्राला कोणती रीत चालते, हे यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते.

दाबाची हवा मारायची असेल, तर ती कमी दाबाने, दुरून आणि आतल्या बाजूने बाहेर मारावी. बाहेरून आत मारली, तर भुसा छिद्रांत आणखी घट्ट बसतो. फिल्टर पेट्रोलने कधीही धुऊ नये. पेट्रोलची वाफ लगेच पेट घेते. धुतलेला फिल्टर सावलीत पूर्ण वाळवावा. चुलीजवळ किंवा विस्तवावर धरू नये. ओला फिल्टर यंत्रात बसवू नये.

बसवण्याआधी फिल्टर उजेडासमोर धरून पाहावा. कोठे भोक किंवा चीर दिसते का? कडेचे रबर सैल झाले आहे का? फिल्टरचा आकार वाकडा झाला आहे का? धुऊनही तो मळकाच राहतो का? यांपैकी एक जरी गोष्ट आढळली, तरी तो फिल्टर टाकून नवा बसवावा. नवा फिल्टर त्याच यंत्रासाठी बनवलेला असावा. जवळपासच्या मापाचा चालत नाही, कारण कडेला फट राहिली तर भुसा त्या फटीतून आत जातो.

"आजच्या दिवस फिल्टर काढून चालवू," असे कोणी म्हणाले, तर ऐकू नये. मळलेला फिल्टर यंत्राचा जोर कमी करतो, पण फिल्टर नसला तर यंत्राचे आयुष्यच कमी होते.

आणखी एक गंमत पाहा. साखळीला चांगली धार असेल, तर लाकडाच्या जाड ढलप्या पडतात. धार गेली की पिठासारखा बारीक भुसा उडतो. हा बारीक भुसा फिल्टर लवकर बुजवतो. म्हणजे फिल्टर वारंवार मळू लागला, तर साखळीची धारही तपासावी. एका भागाची हेळसांड झाली, की दुसऱ्या भागाला त्रास होतो.

ही गोष्ट केवळ करवतीची नाही. तुमच्या घरची मोटारसायकल, मामूंची रिक्षा, शेतातला डिझेल पंप, या सर्वांना हवेचा फिल्टर असतो. रस्त्यावरची धूळ त्यांच्याही नाकात जाते. गॅरेजात काम करणाऱ्या कोणत्याही कारागिराला विचारा. इंजिनात जोर नाही म्हटल्यावर, हवा नीट जाते का हे तो आधी पाहील.

वादळ सांगून येते, पण थांबत नाही. त्या दिवशी करवत साफ करायला वेळ नसतो. म्हणून कामाचा दिवस संपला, की फिल्टर पाहायचा आणि मगच करवत कपाटात ठेवायची. हे काम पाच-दहा मिनिटांचे आहे. ते पाहायला कोणी येत नाही आणि त्याबद्दल शाबासकीही मिळत नाही. पण अडलेल्या वाटेवर यंत्र पहिल्या दोरीला सुरू होते, तेव्हा त्या पाच मिनिटांचे मोल कळते.

शब्दार्थ
निगा राखणे – काळजी घेणे, सांभाळणे
चोंदणे – बंद होणे, बुजणे
भुसा – लाकूड कापताना पडणारा चुरा
ढलपी – लाकडाचा चपटा तुकडा
दट्ट्या – इंजिनात मागेपुढे सरकणारा भाग
निकामी – उपयोग नसलेला
हेळसांड – दुर्लक्ष

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एअर फिल्टरला 'यंत्राचे नाक' का म्हटले आहे?
(आ) झाकण उघडण्याआधी वरचा भुसा का झाडावा?
(इ) फिल्टर पेट्रोलने का धुऊ नये?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) फिल्टर मळल्याच्या कोणत्या खुणा दिसतात?
(आ) फिल्टर न पाहता कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला, तर पुढे काय होऊ शकते?

प्र. ३. कंसातील योग्य शब्द निवडून वाक्ये पूर्ण करा. (सावलीत, ढलप्या, कागदाचा)
(अ) ........ फिल्टर पाण्यात घालू नये.
(आ) धुतलेला फिल्टर ........ वाळवावा.
(इ) साखळीला धार असेल, तर जाड ........ पडतात.

प्र. ४. पुढील शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
हवा, जोर, साफ, मदत, रस्ता

प्र. ५. 'साफ करावा', 'धुऊ नये' यांसारखी पाच वाक्ये पाठातून शोधून लिहा.

उपक्रम : जवळच्या गॅरेजात जाऊन कारागिराला मोटारसायकलचा फिल्टर दाखवण्याची विनंती करा. नवा फिल्टर व जुना फिल्टर यांत काय फरक दिसला, ते पाच वाक्यांत लिहा.