विनामूल्य शिक्षणातून विदाविज्ञानाकडे

विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पुढील शिक्षणाच्या शुल्काचा प्रश्न उभा राहतो. डेटा सायन्स, म्हणजेच विदाविज्ञान, शिकण्यासाठी खाजगी वर्गाचे भरमसाट शुल्क भरावे लागते असा समज आहे. त्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी पुढील मार्ग पाहावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम विषयाचे मर्म पाहू. एका वस्तीत चौघांचे मासिक उत्पन्न प्रत्येकी १०,००० रुपये आणि पाचव्याचे १,६०,००० रुपये आहे. सरासरी येते ४०,००० रुपये. परंतु मध्यक १०,००० रुपयेच राहतो. केवळ सरासरी पाहणाऱ्यास त्या वस्तीत गरिबी दिसणारच नाही. आकड्यांमागील वास्तव ओळखणे हेच या शास्त्राचे कार्य होय.

अभ्यासाचा क्रम असा ठेवावा : आधी शालेय संख्याशास्त्र व संभाव्यता, मग पायथन ही संगणकभाषा, त्यानंतर माहितीसाठ्यातून हवे ते काढून घेणारी एसक्यूएल आणि शेवटी मशीन लर्निंग. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली सुरू केलेल्या एनपीटीईएल उपक्रमात आणि केंद्र शासनाच्या 'स्वयम्' मंचावर हे विषय विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेस मात्र शुल्क पडते. 'कॅगल' या संकेतस्थळावर छोटे पाठ व सरावासाठी माहितीसंच मोफत मिळतात. व्याख्याने भ्रमणध्वनीवर ऐकता येतील. सरावासाठी मात्र ग्रंथालयातील वा महाविद्यालयातील संगणक गाठावा.

येथे एक सावधगिरीची सूचना. विनामूल्य अभ्यासक्रमात नाव नोंदविणारे पुष्कळ, पूर्ण करणारे थोडे. शुल्काचा धाक नसतो, तेव्हा शिस्त स्वतःच लावावी लागते. म्हणून दोघा-तिघांनी मिळून रोज ठरलेल्या वेळी अभ्यासास बसावे. वसतिगृहात अंगी बाणलेली सवय येथे उपयोगी पडेल.

नोकरी देणारा केवळ प्रमाणपत्र पाहत नाही, काम पाहतो. आपल्या तालुक्याच्या बाजार समितीतील कांद्याची आवक व भाव यांचे आकडे घ्यावेत, चुका व गाळलेल्या नोंदी शोधाव्यात, आलेख काढावा आणि निष्कर्ष दोन पानांत लिहावा. असे तीन प्रकल्प हाती असले की मुलाखतीत बोलण्यास आधार मिळतो. पहिली नोकरी बहुधा एक्सेलवर अहवाल करण्याची असेल. तीस कमी लेखू नये. पायरी लहान असली, तरी ती कर्जाविना चढलेली असेल.