नवा रेल्वेमार्ग : मोजणीपूर्वी गावाने करावयाची नोंद

कोल्हापूर संस्थानच्या काळात बांधलेला मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. तेव्हापासून कोल्हापूर हे रेल्वेचे अखेरचे टोकच राहिले आहे. हे टोक सह्याद्री ओलांडून कोकण रेल्वेला जोडणारा, शंभर कि. मी. हून थोडा अधिक लांबीचा कोल्हापूर-वैभववाडी मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झाला. त्याच्या लाभांची चर्चा पुष्कळ होते. येथे विचार करावयाचा आहे तो मार्ग ज्या शेतांमधून जातो त्यांचा. कागल तालुक्यातील बिद्री या मार्गापासून दक्षिणेस दूर आहे; परंतु ऊस, नदी आणि उपसा सिंचन यांवर उभी असलेली तेथील शेती मार्गावरील सखल गावांसारखीच असल्याने उदाहरणादाखल ती घेऊ.

धरणामुळे होणारे विस्थापन या भागाला काळम्मावाडीपासून परिचित आहे. तेथे गाव उठते आणि म्हणून ते डोळ्यांना दिसते. रेल्वेसाठी गाव सहसा उठत नाही. अरुंद पट्टा जातो, पण फार खातेदारांचा. सुमारे ७४० कि. मी. च्या कोकण रेल्वेसाठी चाळीस हजारांहून अधिक खातेदारांची जमीन घ्यावी लागली. तेव्हा विस्थापितांची संख्या मोजून अशा प्रकल्पाचे परिणाम कळणार नाहीत.

बिद्रीसारख्या गावात नदीकाठच्या जॅकवेलपासून निघालेली पाइपलाइन अनेकांच्या शेतांतून जाते. भरावामुळे ती एका जागी तुटली, तर पलीकडचा ऊस वाळतो; आणि त्या शेतकऱ्याची एक गुंठाही जमीन गेलेली नसल्याने बाधितांच्या यादीत त्याचे नाव नसते. पाणंदीचेही तसेच. तोडलेल्या उसाचे वजन व उतारा दर दिवशी घटतो. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याकडे निघालेल्या भरल्या ट्रॉलीला रुळांखालील भुयारी मार्गाची उंची अपुरी पडली, किंवा पावसात तेथे पाणी साचले, तर नकाशावर रस्ता असूनही शेतकऱ्याला तो नसल्यासारखाच.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदला व पुनर्वसनाच्या तरतुदी रेल्वे कायद्याखालील संपादनासही २०१५ पासून लागू आहेत. त्यातील सामाजिक परिणाम-निर्धारणाचे प्रकरण मात्र लागू नाही. ही उणीव लहान नव्हे. ती काही अंशी गावालाच भरून काढावी लागेल. अधिसूचनेनंतर हरकतींसाठी अवघे ३० दिवस मिळतात. जमिनीचे तुकडे पडल्याने होणारे नुकसानही मोबदला ठरविताना विचारात घ्यावे लागते, हे अनेक खातेदारांना ठाऊक नसते.

याहून महत्त्वाचे म्हणजे १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १६. मार्गामुळे शेतीच्या वापरात खंड पडत असेल, तर रस्ते, पूल, मोऱ्या व पाण्याचे पाट करून देणे हे रेल्वे प्रशासनाचे कर्तव्य आहे. परंतु असे काम नको म्हणून एखाद्याने रोख भरपाई स्वीकारली, तर पुढे त्या कामाची मागणी करता येत नाही. आणि वाहतूक सुरू होऊन दहा वर्षे लोटल्यावर जादा कामांचा खर्च रेल्वेवर राहत नाही. रोख रक्कम एका हंगामात खर्च होते. मोरीची गरज नातवालाही लागते.

गोव्यात कोकण रेल्वेच्या मार्गाविरुद्ध, विशेषतः खाजण जमिनींच्या प्रश्नावर, आंदोलन पेटले आणि १९९३ मध्ये न्यायमूर्ती ओझा आयोग नेमावा लागला. तोवर कामाला प्रारंभ झाला होता. भरावाचा प्रश्न भराव पडण्यापूर्वीच काढावयास हवा.

म्हणून संयुक्त मोजणीपूर्वी ग्रामपंचायतीने तलाठ्यांच्या साहाय्याने गावनकाशावर प्रत्येक पाइपलाइन, विहीर, पाणंद, ओढा आणि शाळेची वाट दाखवावी. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांना या कामी घ्यावे. रोजच्या वाटा त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक? सातबारावर मयताचे नाव असेल तर वारसनोंद, त्यातही मुलींची, तेव्हाच करून घ्यावी. मोबदल्याचे बहुतेक तंटे तेथेच उद्भवतात. शिवाय २००५, २०१९ व २०२१ च्या पुरात पाणी कोणत्या बांधापर्यंत चढले, ते वृद्धांना विचारून नकाशावर मांडावे आणि हरकतीसोबत जोडावे. भरावातील मोऱ्या किती व कोठे, हे अभियंत्यांनी ठरविताना ती रेषा त्यांच्यासमोर असावी.