इसार देण्यापूर्वी

ज्या गावात पेटी फोडून, बेदाणा तळहातावर घेऊन, त्याचा रंग, आकार आणि गोडी पारखल्यावाचून कोणी बोली लावीत नाही, त्याच आमच्या तासगावातील चार कर्त्या व्यापाऱ्यांनी एका शहरी फुटबॉल क्लबातील मोठा हिस्सा केवळ एका रंगीत पुस्तिकेच्या आधारावर घेण्याचा बेत करावा, आणि त्यांपैकी दोघांनी दस्तऐवज पाहण्यापूर्वीच इसारही देऊन टाकावा, हा प्रकार माझ्या डोळ्यांसमोर घडला. इसाराची रक्कम परत आली नाही. क्लब कोणता आणि मध्यस्थ कोण, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु हिशेबतपासणीच्या माझ्या व्यवसायामुळे ते कागद अखेरीस माझ्याच मेजावर आले, आणि त्यानिमित्ताने या विषयाचा जो अभ्यास घडला, तो पुढे अशा व्यवहारात पडू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

पुस्तिकेत क्लबची किंमत ३० कोटी रुपये धरली होती. वार्षिक उत्पन्न १० कोटी, त्याची तिप्पट ३० कोटी, असा तो सरळ हिशेब होता, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ मोबाइलवरील अनुयायांची संख्या व नामवंत पाहुण्यांची छायाचित्रे जोडली होती. चौघांतील सर्वांत तरुण व्यापारी मला म्हणाला, “तात्या, २०२१ साली लखनौचा क्रिकेट संघ ७,०९० कोटींना गेला, अहमदाबादचा ५,६२५ कोटींना. फुटबॉलचा अख्खा क्लब तीस कोटींत मिळतोय, तो महाग कसा म्हणायचा?” प्रश्न प्रामाणिक होता, आणि पुष्कळांच्या मनात तोच असतो. परंतु आयपीएलचा संघ घेणारा मनुष्य वस्तुतः प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील एक वाटा विकत घेत असतो. तो वाटा मध्यवर्ती तिजोरीतून दरसाल येतो, संघ हरला म्हणून बुडत नाही. भारतीय फुटबॉलमध्ये अशी तिजोरी भरलेली नाही. इतकेच नव्हे, तर डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना व्यापारी हक्क देण्याचा जो करारनामा केला, त्याच्याच आधारावर इंडियन सुपर लीग उभी होती, आणि त्याची मुदत २०२५ च्या अखेरीस संपणार असताना नूतनीकरणाचा निर्णय न झाल्यामुळे त्या वर्षीच्या जुलै महिन्यातच पुढील हंगाम स्थगित ठेवावा लागला. क्लब आपला, पण तो ज्या स्पर्धेवर जगतो तिचा पट्टा दुसऱ्याच्या नावे, अशी ही स्थिती आहे. म्हणून क्लबचा ताळेबंद उघडण्यापूर्वी स्पर्धेचा करारनामा आणि त्याची उरलेली मुदत पाहावी, हे मी पहिले कलम मानतो.

कागद मागविले, ते तुकड्यातुकड्यांनी आले. मैदान क्लबचे नव्हते, ते शासकीय क्रीडासंकुलातील, सामन्यागणिक भाड्याने घेतलेले. खेळाडूंचे बहुतेक करार त्याच हंगामाअखेर संपणारे, आणि मुदत संपलेला खेळाडू कोणालाही एक पैसा न देता दुसरीकडे जाऊ शकत असल्यामुळे पुस्तिकेतील करारांच्या बेरजेला विक्रीच्या दृष्टीने काही अर्थ उरत नव्हता. स्पर्धेत खेळण्याची परवानगी नव्या मालकाकडे जाण्यास संयोजकांची लेखी संमती आवश्यक होती, आणि ती मागितलीच गेली नव्हती. उद्गम करकपात व भविष्यनिर्वाह निधी यांची बाकी होती, शिवाय एका परदेशी प्रशिक्षकाचा थकलेला पगार होता. या शेवटच्या रकमेकडे मी विशेष लक्ष वेधतो, कारण ती न चुकविल्यास फिफा त्या क्लबास नवे खेळाडू नोंदविण्याची बंदी करते, आणि जुनी कंपनी टाकून नवी कंपनी काढली तरी, नाव, रंग, मैदान व चाहते तेच असतील तर, नव्या मंडळीस जुन्यांची वारस समजून देणे त्यांच्याच माथी मारते. जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा पाहतो. येथील बोजा कोणत्याही चावडीवर नोंदलेला नसतो, तो स्वतः विचारून काढावा लागतो.

आता किंमत काढण्याच्या रीतीविषयी. टॉम मार्कहॅम या अभ्यासकाने इंग्लिश क्लबांसाठी सुचविलेली एक रीत मला समजण्यास सुलभ आणि पुष्कळ अंशी न्याय्य वाटली. वार्षिक उत्पन्नात निव्वळ मालमत्ता मिळवावी. त्या बेरजेस, उत्पन्नातून तोटा वजा जाता जो अंश उरतो, त्याने गुणावे. मग मैदान सरासरी किती भरते त्या प्रमाणाने गुणावे. आणि शेवटी उत्पन्नापैकी जेवढा भाग पगारात जातो त्याने भागावे. पुस्तिकेतील १० कोटींचे उत्पन्न खरे धरले, निव्वळ मालमत्ता २ कोटी, पगार ९ कोटी, इतर खर्च ७ कोटी, म्हणजे तोटा ६ कोटी, आणि मैदान निम्मे भरलेले, असे मानले, तर १२ कोटींचे दहातील चार म्हणजे ४ कोटी ८० लाख, त्याचे निम्मे २ कोटी ४० लाख, आणि त्यास नऊ-दशांशाने भागता उत्तर येते सुमारे २ कोटी ६७ लाख. तीस कोटींची वस्तू पावणेतीन कोटींच्याही आत आली. तोटा उत्पन्नाहून अधिक असेल तर उत्तर शून्याखाली जाते, म्हणजे तो क्लब घेण्याबद्दल घेणाऱ्यालाच काही द्यावयास हवे, असा त्याचा अर्थ. आणि जगातील काही क्लबांची अवस्था नेमकी तशीच असते. सूत्र म्हणजे वेदवाक्य नव्हे, परंतु ते तोट्याला हिशेबात बसवते, आणि पुस्तिकेने त्यालाच बाहेर ठेवले होते.

येथे आपल्याच महाराष्ट्रातील एका उद्योगसमूहाची हकीकत सविस्तर सांगितली पाहिजे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये स्थापिलेल्या, पुण्यास मुख्यालय असलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचे, म्हणजे ‘व्हेंकीज’चे, नाव आमच्याकडील कुक्कुटपालकांना पिल्ले, खाद्य आणि लस यांमुळे परिचित आहे. या समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. शिवाय त्याचे कर्जही अंगावर घेतले. क्लब लहानसहान नव्हे: १८७५ ची स्थापना, १८८८ च्या मूळ फुटबॉल लीगच्या संस्थापकांपैकी एक, ईवुड पार्क हे एकतीस हजारांवर आसनांचे स्वतःचे मैदान, आणि पोलादाचे व्यापारी जॅक वॉकर यांच्या औदार्यामुळे १९९४-९५ चे प्रीमियर लीगचे विजेतेपद. वॉकर २००० साली वारले, आणि त्यांच्या पश्चात विश्वस्त ग्राहकाच्या शोधात होते. एवढी कीर्ती, मैदान आणि जगभर दिसणारी स्पर्धा इतक्या रकमेत मिळते, तर ते स्वस्तच, असे कोणालाही वाटले असते. आणि ज्यांना आपला माल जगाच्या बाजारात न्यायचा आहे त्यांच्या दृष्टीने तर प्रसिद्धीचेही मोल होते. २०११ मध्ये क्लबच्या खेळाडूंना घेऊन चिकनची जाहिरातही काढण्यात आली.

परंतु त्या किमतीच्या पोटात एक गृहीत दडलेले होते, की क्लब प्रीमियर लीग या वरच्या श्रेणीतच राहील. खरेदीनंतर महिन्याभरातच अनुभवी प्रशिक्षक सॅम अलार्डाइस यांना दूर करण्यात आले, आणि ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हार पत्करून क्लब खालच्या श्रेणीत उतरला. त्या सामन्यात चाहत्यांनी क्लबच्या रंगांचे कापड पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानावर सोडली. मालकांच्या व्यवसायावर रोख धरलेला तो निषेध होता, आणि ज्या प्रसिद्धीसाठी पैसा घातला तिचे हे रूप पाहून पुण्यात काय वाटले असेल याची कल्पना करवत नाही. २०१७ मध्ये आणखी एक पायरी उतरावी लागली, पुढच्याच वर्षी क्लब परत वर आला. पण प्रीमियर लीग मात्र पुन्हा हाती लागली नाही. दूरचित्रवाणीचे उत्पन्न आटले, पगाराचे ओझे राहिले, आणि मालकांना वर्षानुवर्षे घरचा पैसा ओतावा लागून त्याची बेरीज खरेदीच्या रकमेच्या कितीतरी पट झाली. पुढे भारतातून रक्कम पाठविण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची अनुमती मिळविण्याचीही वेळ आली. या मालकांवर टीका पुष्कळ झाली आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. तथापि दशकाहून अधिक काळ त्यांनी क्लब उपाशी ठेवला नाही, हेही न्यायाने म्हटले पाहिजे.

याच हकीकतीत मूल्यमापनाचा एक उजळ भागही आहे. ब्लॅकबर्नच्या प्रबोधिनीत लहानपणापासून वाढलेला अॅडम व्हार्टन हा मुलगा फेब्रुवारी २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेस क्लबाकडे गेला, तेव्हा प्रारंभीच सुमारे १ कोटी ८० लाख पौंड आले. संपूर्ण क्लबच्या खरेदीकिमतीच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक रक्कम एका एकोणीस वर्षांच्या तरुणाने मिळवून दिली. आणि त्याचे मोल खरेदीच्या दिवशी कोणत्याही खतावणीत नव्हते. म्हणून क्लब पाहावयास जाल तेव्हा पहिल्या संघाचा सामना पाहण्याऐवजी सकाळी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा सराव पाहावा, प्रशिक्षकांचे पगार वेळेवर होतात का ते विचारावे, मुलांच्या नोंदणीचे कागद कोणाच्या नावे आहेत ते तपासावे.

किंमत कमी म्हणजे सौदा चांगला, हा समज तर मुळापासून काढून टाकावा. १९८२ मध्ये केन बेट्स यांनी लंडनचा चेल्सी क्लब कर्जासह एका पौंडाला घेतला, आणि २०२२ मध्ये तोच क्लब अडीच अब्ज पौंडांना गेला. डिसेंबर २०१८ मध्ये इंग्लंडमधीलच, १८८५ साली स्थापन झालेला ‘बरी’ हा क्लबही एका पौंडालाच विकला गेला, आणि मैदान तारण पडलेल्या त्या क्लबास पुढील ऑगस्टमध्ये लीगमधून काढून टाकण्यात आले. किंमत दोन्हीकडे एकच होती. एकाभोवती लंडनसारखे नगर आणि पुढे वाढत जाणारे प्रक्षेपण होते, दुसऱ्यापाशी देणी भागविणारा धनी नव्हता.

आपल्याकडील दाखले फार दूरचे नाहीत. राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड क्लब २०१० मध्ये मालकांनी बंद केला. पुण्याचा भारत एफसी एकच हंगाम खेळून २०१५ मध्ये विरला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला, त्याची लीगमधील जागा हैदराबादेस गेली, आणि २०२५ मध्ये तीच पुढे दिल्लीस. बालेवाडीत नारिंगी कपड्यांत येऊन ओरडणाऱ्या पोरांच्या हाती त्यातले काही उरले नाही. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या गोव्याच्या डेंपोनेसुद्धा २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग यांच्याबरोबर राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले होते. याउलट कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर पिढ्यान्‌पिढ्या खेळत आहेत. ते पेठेचे आहेत. तालमीची जागा विश्वस्त संस्थेची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून ती विकताही येत नाही. खरेदीदाराच्या वहीत अशा संघाची किंमत जवळजवळ शून्य भरेल, आणि तरीही पुण्या-मुंबईच्या कित्येक कंपन्यांच्या क्लबांहून तो अधिक जगला आहे. ‘किती लोक पाहतात’ यापेक्षा ‘क्लब बुडाला तर किती लोक वर्गणी काढतील’ हा प्रश्न मी म्हणूनच अधिक महत्त्वाचा मानतो.

इतके असूनही ज्याला क्लब घ्यावयाचाच आहे, त्याने खरेदीची रक्कम बाजूस ठेवून आधी पाच वर्षांची तूट रोख मोजावी, आणि ती देऊनही आपल्या मूळ धंद्याचे भांडवल शाबूत राहते का ते पाहावे. इसार विक्रेत्याच्या हाती न देता तिऱ्हाईत बँकेत अनामत ठेवावा, आणि लीगची लेखी संमती, फिफाकडील थकबाकी नसल्याचा दाखला आणि पुढील हंगामाची नोंदणी, ही तीन कागदपत्रे आल्याखेरीज तो सुटू नये, असे कलम घालावे. मागील देण्यांची हमी कंपनीने देऊन भागत नाही, संचालकांनी व्यक्तिशः जामीन राहावयास हवे. क्लबचे नाव, चिन्ह व रंग यांचे हक्क खरेदीखतात स्वतंत्रपणे नमूद असावेत, कारण आमच्या व्यापाऱ्यांना दाखविलेल्या मसुद्यात कंपनीचे भाग होते, खेळाडू होते, कार्यालयातल्या खुर्च्याही होत्या, आणि क्लबचे चिन्ह मात्र विक्रेत्याच्या दुसऱ्याच एका कंपनीच्या नावे नोंदलेले होते.