‘गॉडफादर’मधला डॉन खरा कोण होता? (धंदेवाल्यांनी हे का वाचावं)



‘गॉडफादरकडून शिका बिझनेसचे धडे’ अशा छापाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. कमी बोलायचं, माणसं जोडायची, समोरच्याला नाही म्हणता येणार नाही अशी ऑफर द्यायची. आपल्या वर्गातही प्रत्येक बॅचमध्ये एकजण तरी हा विषय काढतोच. म्हणून या वेळच्या व्हिडिओत आपण उलट्या बाजूने गेलो. हा डॉन ज्या माणसांवरून बेतला, ती माणसं प्रत्यक्षात धंदा कसा करायची? तिथे वेळेत जे मावलं नाही ते इथे लिहितोय. निवांत वाचा, कारण खरा विषय उधारीचा आहे.

आधी लेखकाची उधारी बघू

मारिओ पुझो हा न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या गरीब वस्तीत वाढलेला, इटलीतून आलेल्या आईबापांचा मुलगा. ‘द गॉडफादर’ ही कादंबरी १९६९ साली आली. त्याआधीच्या त्याच्या दोन कादंबऱ्यांचं कौतुक झालं, पैसा मात्र मिळाला नाही. डोक्यावर सुमारे २०,००० डॉलरचं देणं होतं, आणि कुणाकुणाचं? नातेवाईक, बँका, फायनान्स कंपन्या, जुगाराचे बुकी, खासगी सावकार. हे त्यानेच लिहून ठेवलंय. हेही त्यानेच सांगितलंय की पुस्तक लिहीपर्यंत तो एकाही खऱ्या माफियाला भेटला नव्हता. सगळं वाचून आणि ऐकून.

पुस्तक पुरं व्हायच्या आधीच त्याने सिनेमाचे हक्क पॅरामाउंटला दिले. हातात आले १२,५०० डॉलर, सिनेमा निघालाच तर ८०,००० पर्यंत. थांब, इतक्यात विकू नकोस, असा सल्ला त्याला मिळाला होता. पण घेणेकरी दारात उभे असले की थांबणं परवडत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. पुढे त्या सिनेमाने काय कमाई केली ते जगाला माहीत आहे.

म्हणजे ‘उपकारा’च्या धंद्यावरची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट लिहिणारा माणूस स्वतः टेबलाच्या अलीकडे बसलेला होता. कर्जदाराच्या खुर्चीत.

तेलवाला, पंतप्रधान आणि आई

व्हिटो कॉर्लिओन हा कुणा एकाचा फोटो नाही. दोन-तीन खऱ्या डॉनांचे तुकडे त्याच्यात जोडलेले दिसतात.

पहिला तुकडा जो प्रोफासीचा. कादंबरीतला डॉन ऑलिव्ह तेल आयात करतो ना? प्रोफासी खरंच तेल आयात करायचा. सिसिलीतून आलेला, ब्रुकलिनमध्ये बसलेला, आणि तेलाचा धंदा नावापुरता नाही, चांगला मोठा. मग हा माणूस आदर्श उद्योजक म्हणायचा का? जरा पुढे बघा. आपल्याच टोळीतल्या प्रत्येकाकडून तो दरमहा २५ डॉलर घ्यायचा. तुरुंगात गेलेल्यांच्या बायका-मुलांसाठी फंड, असं नाव. त्यातला बराचसा पैसा साहेबांकडेच राहायचा, अशी त्याच्याच माणसांची तक्रार होती. १९६१ साली गॅलो बंधूंनी बंड केलं आणि त्याच्या जवळच्या माणसांना थेट पळवून नेलं. १९५३ मध्ये सरकारने त्याच्यावर १५ लाख डॉलरहून जास्त आयकर थकवल्याचा दावा लावला होता. १९६२ साली तो मेला तेव्हाही ती बाकी तशीच होती. सिनेमातल्या डॉनसाठी माणसं जीव द्यायला तयार असतात. खऱ्याची माणसं महिन्याच्या वर्गणीवरून भांडत होती.

दुसरा तुकडा फ्रँक कॉस्टेलोचा. ‘अंडरवर्ल्डचा पंतप्रधान’ असं त्याला म्हणत. पिस्तुलापेक्षा ओळखींवर त्याचा भर. न्यूयॉर्कचे राजकारणी, न्यायाधीश त्याच्या खिशात. व्हिटोचं ते ‘साहेब आपले आहेत’ प्रकरण इथून आलेलं दिसतं. १९५१ साली सिनेटच्या समितीने त्याची जाहीर चौकशी केली आणि ती टीव्हीवर दाखवली. चेहरा दाखवायला त्याने नकार दिला, म्हणून कॅमेऱ्याने फक्त हात दाखवले. देशभर लोकांनी ते अस्वस्थ, चाळा करणारे हात पाहिले आणि तो घोगरा आवाज ऐकला. मार्लन ब्रँडोने डॉनचा आवाज तिथून उचलला असं सांगतात. १९५७ मध्ये कॉस्टेलोवर त्याच्या इमारतीतच गोळी झाडली गेली. तो वाचला, आणि शहाण्यासारखा बाजूला झाला.

आणि तिसरा तुकडा, ज्याने माझी झोप उडवली. पुझोने उतारवयात लिहिलं की डॉन तोंड उघडायचा तेव्हा त्याच्या मनात आवाज यायचा तो स्वतःच्या आईचा. नवऱ्याशिवाय घर ओढणारी, कडक, हिशोबी, लेकरांवर पांघरूण घालणारी ती बाई.

आता विचार करा. डॉनबद्दल आपल्याला जे जे आवडतं, म्हणजे शब्द पाळणं, घरच्यांना जपणं, अडल्या-नडल्याला हात देणं, ते त्या गुंडांकडून आलेलंच नाही. ते एका कष्टकरी आईकडून आलंय. प्रोफासीकडून काय आलं? तेलाचे डबे.

फ्लेमिंगोचं उद्घाटन

थोडं आडवळण, पण हॉटेल लाइनवाल्यांनी चुकवू नका. लास व्हेगासवाला मो ग्रीन आठवतो? त्याच्यामागे आहे बग्सी सिगल. फ्लेमिंगो हॉटेलची मूळ कल्पना दुसऱ्याच माणसाची. सिगल मागून आला आणि टोळीवाल्यांच्या पैशावर काम हातात घेतलं. खर्च फुगत फुगत ६० लाख डॉलरच्या घरात गेला. २६ डिसेंबर १९४६ ला घाईने कॅसिनो उघडला, पण राहायच्या खोल्या तयारच नव्हत्या! लोक यायचे, खेळायचे, जिंकलेले पैसे खिशात घालून झोपायला दुसऱ्या हॉटेलात जायचे. महिनाभरात टाळं लावावं लागलं. मार्चमध्ये पुन्हा उघडलं, धंदा सुधारू लागला, आणि २० जून १९४७ ला बेव्हर्ली हिल्सच्या घरात सिगलला गोळ्या घातल्या. कुणी, ते कधीच सिद्ध झालं नाही. बँकेचा हप्ता थकला तर नोटीस येते. नोटीस वाईट वाटते, मान्य. पण नोटिशीला उत्तर देता येतं.

कॅमेरा टेबलाच्या कुठल्या बाजूला आहे?

‘गॉडफादर’मध्ये कॅमेरा बहुतेक वेळ डॉनच्या घरात असतो. लग्न, जेवण, नातवंडं. मदत मागायला येणारे येतात आणि जातात. त्यांच्या दुकानात आपण जात नाही. फक्त तो बोनासेरा लक्षात ठेवा, मुलीसाठी न्याय मागायला आलेला. डॉन पैसे घेत नाही, ‘कधीतरी एखादं काम सांगेन’ म्हणतो. कादंबरीत तो बोलावणं येतं त्या रात्री या माणसाची भीतीने गाळण उडते, कारण रक्कम ठरलेली नाही, तारीख नाही, काम कुठलं ते माहीत नाही. बिनव्याजी वाटणारं हे जगातलं सगळ्यात महाग कर्ज.

१९९० सालचा ‘गुडफेलाज’ उलट बाजूने बघतो. तो निकोलस पिलेगीच्या पुस्तकावर आहे, आणि पुस्तक हेन्री हिल या खऱ्या टोळीवाल्याच्या साक्षीवर. त्यातला पॉली म्हणजे ब्रुकलिनचा पॉल व्हारिओ. मोजकं बोलणारा, फोनपासून लांब राहणारा. अगदी व्हिटोसारखाच, नाही का?

त्या सिनेमातला एक प्रसंग मी प्रत्येक बॅचला दाखवतो. एका बारमालकाची टोळीतल्या माणसाकडे ७,००० डॉलरची उधारी थकलीय. मागितली तर डोक्यात बाटली. तो पॉलीकडे जातो आणि हात जोडतो, तुम्हीच माझे पार्टनर व्हा. पॉली आढेवेढे घेत ‘हो’ म्हणतो. आता पोलिसांचा त्रास नाही, दादागिरी नाही. पण दर आठवड्याला पॉलीचा हिस्सा, धंदा होवो न होवो. मग बारच्या नावावर उधारीने माल येतो. पुढच्या दाराने आलेली २०० डॉलरची दारूची पेटी मागच्या दाराने शंभराला जाते, कारण व्यापाऱ्याचे पैसे द्यायचेच नाहीत, म्हणजे शंभरही निव्वळ नफाच. पत संपली की बारला काडी.

बघा, या पार्टनरने भांडवल किती घातलं? शून्य. तोट्यात वाटा? शून्य. बाहेर पडायची अट? बोललीच नाही. आणि पार्टनर व्हा असं म्हणायला मालक स्वतःहून गेला होता. खरा व्हारिओ १९८८ साली तुरुंगातच मेला; हिलच्या साक्षींनीच त्याला आत घातलं होतं.

आपल्याकडेही हेच झालं. मणिरत्नमचा ‘नायकन’ (१९८७) मुंबईच्या वरदराजन मुदलियारवरून सुचलेला, आणि त्याचाच हिंदी अवतार ‘दयावान’. बोरीबंदरचा हमाल ते धारावी-माटुंग्याचा ‘वरदाभाई’. माटुंगा स्टेशनजवळच्या त्याच्या गणपतीचा थाट बघायला मुंबईभरून माणसं यायची. पैसा यायचा हातभट्टीच्या दारूतून, आणि ती पिणारे गरीब त्याच वस्त्यांतले. सिनेमात मात्र कॅमेरा पुन्हा नायकाच्या घरात.

आता आपली वही

तुमच्या गावात, मार्केटमध्ये असा एखादा ‘भाऊ’ असेल. कागद न करता रोख देतो, वेळेला धावतो, कार्यक्रमाला वर्गणी देतो. त्याला लगेच डॉन ठरवू नका. फक्त व्यवहार तपासा. सावकारीच असेल तर महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, चक्रवाढ व्याज लावता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. तालुक्याला सहाय्यक निबंधक बसतात, त्यांना भेटा.

या आठवड्याचं काम असं. वहीचं एक पान घ्या आणि ज्यांनी ज्यांनी तुमच्या धंद्याला मदत केली त्यांची नावं लिहा. सासरे, मित्र, बँक, पतपेढी, भिशी, भाऊ, सगळे. प्रत्येकासमोर चार रकाने आखा: किती घेतले, परत कधी द्यायचे, कागद आहे का, आणि उद्या मला हा व्यवहार बंद करायचा असेल तर काय करावं लागेल. चौथा रकाना पेन्सिलने भरा, तो बऱ्याचदा खोडावा लागतो. रविवारच्या लाइव्हला पान सोबत ठेवा. नावं वाचून दाखवायची नाहीत. ज्या नावासमोर चौथा रकाना कोरा राहिलाय, तिथून सुरुवात करू.