झडीचा दिवस व पावसाचे मोजमाप

पाऊस किती झाला असे कोणी विचारले, तर ‘बरा झाला’, ‘ओल झाली’, ‘ओढे वाहिले’ अशी उत्तरे आपल्याकडे मिळतात. ज्यावर वर्षाची सारी भिस्त, त्या पावसाचा हिशेब आपण केवळ अंदाजाने ठेवतो. हा हिशेब किती सोपा व किती मोलाचा आहे, हे आम्हांस डोंगरावरील एका झडीच्या दिवशी विशेषेकरून दिसून आले.

पेरण्या उरकल्यावर आषाढात आम्ही महाबळेश्वरी एका स्नेह्यांकडे विश्रांतीस गेलो होतो. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील त्या घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नव्हती. धुके खिडकीशी येऊन ठेपलेले. कपडे शेगडीवर शेकून घ्यावे लागत. सकाळी साडेआठास यजमान घोंगडीची खोळ घेऊन अंगणात गेले, एक पत्र्याचा डबा आत आणला, त्यात पट्टी बुडविली व वहीत १८० मिलिमीटर असा आकडा टिपला. दिवसभर मग ती वही चाळणे व हिशेब मांडणे हाच आमचा उद्योग झाला.

आपल्या हिंगोलीकडे वर्षाकाठी साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे आपल्या वर्षाचा निदान पाचवा हिस्सा तेथे एका अहोरात्रीत पडला! समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीस अडून वर चढतात, निवतात व तेथेच रिते होतात. पूर्वेस वीस किलोमीटरांच्या आत असलेल्या पाचगणीस याच्या निम्म्याहूनही कमी पाऊस होतो, व खाली वाईस त्याहून पुष्कळच कमी.

आपल्याकडे असा घाट आड येत नसला, तरी वळवाची सर एका शिवारात पडते व शेजारचे कोरडे राहते, हे प्रत्येकाने पाहिले आहे. म्हणून मंडळाच्या केंद्रावरील आकडा आपल्या बांधावरचा असेलच असे नाही. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याविना करू नये, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला आहे. पहिल्या २५-३० मिलिमीटरांस भुलून पेरावे आणि उघडीप पडावी, तर बियाणे, खत व मजुरी तिन्ही जाऊन दुबार पेरणी कपाळी येते.

मापन येणेप्रमाणे करावे :

१. सपाट बुडाचा व उभ्या भिंतींचा डबा घ्यावा. तोंडाशी रुंद असलेली बादली पाऊस अधिक दाखविते. निमुळत्या तोंडाचा तांब्या कमी दाखवितो.

२. घर अगर झाड जितके उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर, जमिनीपासून फूटभर उंच, डबा सपाट व पक्का बसवावा.

३. रोज सकाळी साडेआठास पाण्याची खोली मिलिमीटरांत मोजून डबा रिता करावा.

४. तारीख, नक्षत्र, आकडा व पाऊस किती वेळ पडला, हे वहीत लिहावे. अर्ध्या तासात कोसळलेले पाणी बहुतांशी वाहून जाते. तेच दिवसभर रिमझिमले तर जमिनीत मुरते.

५. पेरणीपूर्वी खुरप्याने वीतभर उकरून ओल खाली पोचली की नाही, हे पाहावे.

२५ मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे एक लाख लिटर पाणी होय. एवढी संपत्ती आकाशातून आपल्या दारी उतरते. धान्य मापून घेणाऱ्या कुणब्याने ती न मापता घ्यावी, हे उचित नव्हे. येत्या मृगापूर्वी प्रत्येक सभासदाने असा एक डबा आपल्या शेतात बसवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.